काकाडूत तू मला मुलगा दिलास

बीबी गावातल्या बाया अजून येताहेत. ओट्यावर चपला काढतात, तुझ्या फोटोपुढे हात जोडतात, माझ्याजवळ सतरंजीवर बसतात आणि पदराने डोळे पुसत मला सांगतात की तू किती चांगली होतीस. मला सांगतात. जसं काही मी दुसरबीडहून सकाळच्या गाडीने आलेली पाहुणी आहे. मी मान हलवते, पाणी देते, चहा ठेवायला सांगते. मनात म्हणते, बाई, ती चांगली होती हे मला नको सांगू, तिच्या त्या चांगुलपणाशेजारी माझा सगळा जन्म गेलाय.

काल तुमच्या शेताच्या धुऱ्याला धुरा लागून असलेली ती जाडी बाई आली. रडून झालं, नाक शिंकरून झालं, मग तिने ऑस्ट्रेलियाची गोष्ट काढली. तुझ्या तोंडची. "मगर म्हने यष्टीएवढी होती. हिच्याकडं पाह्यलं आन् हा असा जबडा वासला. तं हिनं तिले हात जोडून जयभीम घातला, तवा कुठं जबडा मिटला." बाकीच्या बाया रडता रडता हसल्या. मी म्हटलं, अहो, ती मगर काठावर पडलेली होती, तोंड आधीपासूनच उघडं होतं, अंग थंड ठेवायला त्या तसंच करतात. जाडीने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमीबी गेल्त्या काय तिथं?"

हाव, मीबी गेल्ते. मीच गेले होते खरं तर. तू सोबत आली होतीस.

आता हे कोणाला सांगू? आपली कथा ठाऊक नसलेल्या माणसाला तर पहिल्यापासून सांगावं लागेल. दोघे भाऊ, थोरल्याची बायको मी, धाकट्याची तू. माझ्या नवऱ्याला विजेच्या खात्यात नोकरी, म्हणून मी खामगावला. तुझ्या नवऱ्याला शेत, म्हणून तू बीबीला. मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची, तू सातवीत शाळा सोडलेली. कागदावर पाहिलं तर माझं पारडं जड. पण माझी कूस उजवली नाही, आणि तुझ्या घरात लग्नाच्या पहिल्याच वर्षी सुमेध आला. तुझं पारडं जे खाली बसलं ते बसलंच.

पोरगा पाचवीत गेला तेव्हा तूच त्याला माझ्याकडे आणून सोडलंस. "बाई, हा तुमच्यापाशी शिकंन," म्हणालीस, आणि चहासुद्धा न घेता परतीच्या गाडीत बसलीस. तेव्हापासून तो नोकरीला लागेपर्यंत त्याचं जेवण, त्याचा ताप, त्याचे दात, त्याचा अभ्यास, सगळं माझ्या हातून गेलं. मी त्याची मोठी आई. आपल्याकडे थोरल्या काकूला मोठी आई म्हणतातच, त्यात कोणी काही विशेष देत नाही. नातं आलं की शब्द येतो. मला तो शब्द कायम पंगत उठल्यावर उरलेलं वाढल्यासारखा वाटायचा. आई म्हणजे तू. तू काही न करता आई. पंधरवड्यातून एकदा तो बीबीला जायचा आणि रविवारी संध्याकाळी परत आला की ताटाला हात लावायचा नाही. "आईच्या हातची भाकर पायजे." मी ज्वारी बदलून पाहिली, गिरणी बदलून पाहिली, तवा बदलला. एकदा तुझ्याकडे मुक्कामाला येऊन चुलीशी बसून तू पीठ कसं मळतेस तेही पाहिलं. तुला वाटलं मी मदतीला बसलेय.

तर त्या पोराला ऑस्ट्रेलियात, डार्विनला दवाखान्यात एक्स-रे काढायची नोकरी लागली. घर घेतलं, गाडी घेतली आणि एका रविवारी फोन आला. "आई आणि मोठी आई, दोघी या. तुमाले काकाडू दाखवतो." या क्रमाने म्हणाला. मी ऐकलं.

काकाडू काय आहे हे त्या दिवशी तुला माहीत नव्हतं. तुला ते एखाद्या पक्ष्याचं नाव वाटलं. मला मात्र पुरतं माहीत होतं. माझ्या कपाटाच्या दाराला आतून एका जुन्या मासिकातलं पान चिकटवलेलं आहे, त्यात खडकावर काढलेला एक मासा आहे. नुसता बाहेरून नाही. पाठीचा कणा, काटे, पोटातल्या पिशव्या, सगळं आतलं दिसतंय असा. तिथल्या मूळच्या लोकांनी काढलेला. दरवर्षी मुलींना अजिंठ्याला घेऊन जायची, पद्मपाणीपुढे उभं राहून सांगायची की बघा, डोळ्यात करुणा कशी आणतात. आणि परत येताना बसमध्ये मला तो मासा आठवायचा. एकदा तरी तो खडक पाहायचा होता. नवऱ्याला म्हटलं, ते हसले होते. ते गेल्यावर मनातच ठेवलं. म्हणजे इच्छा माझी, अभ्यास माझा, आणि जायचं कोणामुळे, तर तुझ्या पोटी पोरगा झाला म्हणून.

पहिल्याच दारात तू जिंकलीस. डार्विनच्या विमानतळावर खाण्याच्या वस्तू तपासतात हे मला ठाऊक होतं, मी सगळं लिहून, बांधून, वेगळं काढून ठेवलेलं. त्या उंच साहेबाने माझी वाळवलेली मेथी आणि घरचं बियाणं सरळ पिंपात टाकलं. तुझ्या पिशवीत काय आहे हे तुलाच ठाऊक नव्हतं. तू तिळाच्या चटणीचा डबा उघडून त्याच्या नाकाशी धरलास. तो शिंकला. पुन्हा शिंकला. तू कपाळाला हात लावून "अगं माय" म्हणालीस, तो हसला, त्याच्या बाजूची बाई हसली आणि चटणी आत गेली. सुमेध काचेपलीकडून हे पाहत होता. त्याने आधी तुला मिठी मारली, ते चटणीमुळे की आई म्हणून, हे मी विचारलं नाही.

मग ते काकाडूचं अरण्य. डार्विनहून गाडीने तीन तास. वैशाखात आपल्याकडे खामगावला डांबर वितळत असतं, तिथे मात्र पाऊस नुकता संपलेला, सगळीकडे गवत माणसापेक्षा उंच. वारुळं अशी की आपल्या घराच्या छपराला टेकतील. तू खिडकीतून हात बाहेर काढून म्हणालीस, "ही तं आपल्या बांधावरच्या वारुळाची पणजी होय." पुढे उड्या मारत गेलेलं वॉलबी पाहून तुला शेतात घुसणाऱ्या नीलगाई, आपले रोही आठवले आणि तुझा पहिला प्रश्न: "हे रोह्यावानी पीक खाते काय रे?" सुमेध गाडी थांबवून, स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसला. मी त्याला वॉलबी आणि कांगारू यातला फरक सांगत होते, तो "हो, हो" म्हणत होता. हसत मात्र तुझ्यामुळे होता.

होडीतून आपण ते मोठं पाणी फिरलो. कमळं, हजारो बदकं की हंस कोण जाणे, लाल पायांचा काळ्या मानेचा करकोचा, आणि काठावर त्या मगरी. मी चित्रं काढायला वही नेली होती. तू होडीच्या कठड्यावर हनुवटी टेकून बसलीस आणि सबंध वेळात एक शब्द बोलली नाहीस. नंतर म्हणालीस, "बाई, इतकं पाणी. आपल्याकडं न्याले पायजे होतं." बस. तेवढंच. माझ्या वहीत सतरा भानगडी झाल्या, एकही चित्र धड उतरलं नाही.

दुसऱ्या दिवशी खडक.

वाट दाखवायला जी बाई होती ती आपल्याच वयाची, त्या भूमीचीच. तिच्या आजोबा-पणजोबांची ती जागा. मी तिला इंग्रजीत नमस्कार केला, मी चित्रशिक्षिका आहे, हे सांगितलं. ती "बरं" म्हणाली. तू तिच्या पायांतल्या बुटांकडे पाहून स्वतःच्या कापडी बुटांकडे पाहिलंस, तिने तुझ्या बुटांकडे पाहिलं आणि तुम्ही दोघी उगाच हसलात. अर्ध्या वाटेत तू तिला मावशी करून टाकलंस. काय पण बाई, जगाच्या पाठीवर कुठेही जा, तुला पाहिल्या तासात मावशी, मामी, आत्या सापडायच्या. मी खामगावात तीस वर्षं राहून शेजारणीला अजून "जोशीबाई" म्हणते.

आणि मग तो खडक, छपरासारखा पुढे आलेला, आणि त्याच्या खाली माझा मासा. एक नाही, एकावर एक कितीतरी. पिवळा, पांढरा, गेरूचा लाल. काटे, कणा, काळीज. मी ते सगळं मनात तयार करून नेलं होतं. आतलं दाखवायची ही पद्धत, रंग कशाचे, रेघ कशी ओढायची, जुन्या चित्रावर नवं काढायला तिथे हरकत नसते, कारण काढणं महत्त्वाचं, टिकणं नाही. मी तोंड उघडलं. तेवढ्यात तू पुढे झालीस, माशाकडे बघितलंस, सुमेधकडे बघितलंस आणि म्हणालीस, "हे तं आपल्या पोराचं काम होय. एक्स-रे काहाडला."

सुमेधने भाषांतर केलं. ती बाई आधी थांबली, मग गुडघ्यावर हात ठेवून वाकून हसली. त्या हसण्याचा आवाज खडकाखाली घुमला. तिथून पुढे ती प्रत्येक चित्रापाशी थांबून तुझ्याकडे पाहून बोलायची. मी शेजारी उभी. इतक्या वर्षांचा माझा मासा आणि तू तो एका वाक्यात खिशात घातलास.

एका चित्रापाशी तिने आवाज खाली आणला. हे काढणारा तिच्या घरातलाच होता, जाऊन फार दिवस झाले नव्हते. त्याचं नाव ती घेणार नाही म्हणाली. तिथे गेलेल्या माणसाचं नाव काही काळ घेत नाहीत. तू विचारलंस, "मंग हाक कशी मारतात?" ती म्हणाली, हाक मारायचीच नाही. त्याला पुढे जाऊ द्यायचं.

या लिहिण्यात मी तुझं नाव घेतलेलं नाही, ते तिच्यापायी नाही. आपण आत्मा मानत नाही, त्यामुळे तू मागे वळून पाहशील ही भीती नाही, आणि आशाही नाही. पण बीबीभर सध्या तुझंच नाव चाललंय. दळणाच्या रांगेत, हापशीवर, विहारात. भंतेजींनी घेतलं, सरपंचाने घेतलं, त्या जाडीने तर दर वाक्यात घेतलं. तेवढ्यासाठी मी घेत नाही. मी एकटी तरी वेगळी राहू दे.

मग ते घडलं. खडकाच्या सावलीत आपण पाणी प्यायला बसलो होतो. सुमेधने आधी माझ्या बाटलीचं झाकण उघडून दिलं, मग वाकून तुझ्या बुटाची नाडी बांधली. ती बाई ते पाहत होती. तिने सहज विचारलं, त्याला विचारलं, तुला नाही, मला नाही: "यातली तुझी आई कोण?"

मला इंग्रजी येत होतं म्हणून तो प्रश्न तुझ्याआधी कळला. अगं, हा प्रश्न त्याला कोणीतरी माझ्यासमोर विचारावा म्हणून मी जन्मभर थांबले होते, आणि कोणी विचारू नये म्हणूनही. शाळेत, लग्नात, बारशाला कोणी विचारलं की उत्तर मीच द्यायची, पटकन, हसून: "मी मोठी आई." त्याला बोलूच द्यायची नाही. आता इथे, जगाच्या टोकाला, जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही, तो काय म्हणेल? सुमेधने तोंड उघडलं. तुला "मदर" एवढा शब्द कळला. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "मदर. ह्या."

ती बाई म्हणाली, "आणि तू?"

सुमेधने सांगितल्यावर तू छातीवर हात ठेवून म्हणालीस, "मी धाकली."

ती बाई बिलकुल चकित झाली नाही. म्हणाली, हो, आमच्यातही असंच. मोठी आई, लहान आई. दोन्ही आईच. आणि उठून पुढच्या खडकाकडे चालायला लागली. तिच्या लेखी विषय संपला.

माझ्या लेखी तो आजही संपलेला नाही. परतीच्या गाडीत तू दोनदा पेरूच्या फोडी पुढे केल्यास, मी घेतल्या नाहीत. मुक्कामी पोचल्यावर सुमेध जेवणाचं बघायला गेला आणि मी तुला धरलंच. कोणाला विचारून दिलास? तो बोलत होता ना? त्याला विचारलं होतं ना? तुला मध्ये पडायचं काय कारण? तू पलंगावर पाय वर घेऊन बसली होतीस, गोंधळून माझ्याकडे पाहत होतीस. "बाई, मले वाटलं तुमाले बरं वाटंन." मी म्हटलं, बरं वाटेल? तुझ्याकडे आहे म्हणून तू वाटतेस. दान करणाऱ्याचं नाव होतं, घेणाऱ्याचा हात पसरलेला दिसतो. मला तुझ्याकडून नको होता. त्याच्या तोंडून हवा होता. आणि तो काय म्हणाला असता हे मला कधीच कळणार नाही आता, तुझ्यामुळे.

तेव्हा तू चिडलीस. आपल्या इतक्या वर्षांत तू माझ्यावर चिडलेली मी पहिल्यांदा पाहिली. "मंग म्या काय करू वं बाई? ठेवला तरी जळता, देल्ला तरी जळता. काऊन असं? त्यानं 'आई' म्हनून माहं नाव घेतलं असतं तं तुमी तिथंच वाळल्या असत्या. तुमचं घेतलं असतं तं मी घरी कशी आली असती?"

तेवढ्यात सुमेध भाताचे डबे घेऊन आला आणि आपण दोघी हसऱ्या झालो, जसं बायकांना येतं. तू त्याला वाढताना मला म्हणालीस, "बाई, तुमी घ्या आधी." मी घेतलं. भांडण तिथेच राहिलं. विमानात राहिलं, बीबीत राहिलं, तुझं दुखणं निघालं तेव्हाही आपल्या दोघींच्या मध्ये बसलेलं होतं.

दवाखान्यात मी तुझ्यापाशी होते. मोसंबी सोलत होते, तुला दोन फोडींवर जात नव्हतं. तू छताकडे बघत म्हणालीस, "बाई, आता तरी नका जळू." मी म्हटलं, जळतेच. तू हसलीस, त्या हसण्याने तुला ढास लागली. मग डोळे मिटून म्हणालीस, "मीबी तवा जळो ना. तो रविवारी घरी आला का नुसतं मोठी आई असं करते, मोठी आई तसं करते. चित्र काहाडते, इंग्रजी बोलते, केसाले असा वास येते. मी चुलीत फुकनी घालून तोंड तिकडं करो. धुरानं डोळे येतात म्हनो."

मी सोललेली फोड तशीच हातात धरून बसले. तुझं हे खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून शेवटचं आणखी एक देणं होतं, हे मला ठरवता येत नाही. तू जळणारी बाईच नव्हतीस. जळणं माझं होतं, माझ्या एकटीचं. त्यातही तू वाटा मागितलास असं क्षणभर वाटलं आणि राग आला. मग वाटलं, असेल, खरं असेल. तेव्हा विचारायला हवं होतं. नर्स आली, सलाईन बदललं, तू झोपलीस. आता कोणाला विचारू?

सुमेधला विचारता येईल. यातली तुझी आई कोण, हेही आता त्याला विचारता येईल, मध्ये बोलायला तू नाहीस. परवा तो अंगणात बाजेवर बसला होता, एकटाच. माझ्या ओठांवर आलं होतं. पण तू समोर नसताना मिळालेल्या त्या उत्तराला काय चव? तो "तूच" म्हणाला तर तुझ्या माघारी मिळालं, आणि "आई" म्हणाला तर तुझ्याशी भांडायलाही जागा नाही. मी त्याला चहा दिला आणि आत आले.

तुला बर्फाच्या पेटीत ठेवून आम्ही त्याची वाट पाहिली होती. तो आला, दारात बूटही न काढता तुझ्यापाशी बसला आणि असा रडला की बाया स्वतःचं रडणं विसरल्या. माझं लेकरू. तापात फणफणताना रडलं नाही, बाप गेला तेव्हा पाठ फिरवून उभं होतं. आता तुझ्या पायांना धरून हमसून हमसून रडत होतं आणि मी, तुझी जाऊ, तिथे उभी राहून काय विचार करत होते सांगू? माझ्यासाठी हा एवढा रडेल का. खोटं कशाला सांगू. प्रेत समोर आणि माझ्या डोक्यात हे. मी त्याच्याजवळ खाली बसले, त्याची पाठ चोळली आणि विचारलंही. हळूच. "माझ्यासाठी रडशील काय रे एवढा?"

त्याने वर पाहिलं. त्याला राग येईल असं वाटलं होतं. पण तो नाक पुसत म्हणाला, "मोठी आई, तुह्यासाठी रडाची तयारी मी केव्हाची करून ठेवली होती. तू मोठी हायेस ना. आईची तयारी नव्हती केली." आणि पुन्हा तुझ्या पायांवर डोकं ठेवलं.

त्याचं बरोबर होतं. तयारी मीही तीच केली होती. मी आधी जाणार, हे मी धरूनच चालले होते. वयाने मोठी, रक्तदाब, साखर, सगळं माझ्याकडे. आणि खामगावच्या त्या घरात दुपारी एकटी पडलेली असताना मी माझं मरण कितीदा मनात पाहिलं आहे. त्यात सुमेध नसायचा फारसा. त्यात तू असायचीस. तू माझ्या डोक्याशी बसलेली, केस सुटलेले, ऊर बडवून बायांना सांगतेस की पोरगा हिचा होता वं, मी नुसता जन्म देल्ला. मी मेलेली पडून ते ऐकायची आणि माझं समाधान व्हायचं. खडकाखाली ज्या वाक्याने मी पेटले, तेच वाक्य मला तुझ्याकडून हवं होतं. पण मी मेल्यावर, भर गर्दीत, रडून. हसत हसत नाही, खांद्यावर हात ठेवून नाही.

ते आता कोण म्हणेल? सुमेध रडेल, चांगला रडेल, तयारी आहे त्याची. पण त्याच्या रडण्यात ते नसेल. ते फक्त तुलाच म्हणता येत होतं.

तुला उचलायला माणसं आत आली. भंतेजींचं त्रिशरण-पंचशील झालं. तुझी बहीण तुझ्या डोक्याशी होती, मी तिला बाजूला केलं आणि तिथे बसले. मी रडणारी बाई नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. माझ्या नवऱ्याच्या वेळीही मी भिंतीला टेकून उभी होते. माझ्या तोंडून काय निघेल हे मलाही ठाऊक नव्हतं. तुझ्या कपाळावर हात ठेवला, ते गार होतं, आणि मी मोठ्याने म्हणाले, "माह्या पोराची आई गेली वं, माय."

बायांनी रडणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा तेच म्हणाले.